छायाचित्राबाहेरचे हात

विवाहाच्या छायाचित्राला ख्रिस्ती कुटुंबात एक वेगळेच स्थान असते. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या आसपास कोठेतरी ते टांगलेले असते आणि घरातील मुले त्याच्याकडे बघतच लहानाची मोठी होतात. त्यातील प्रत्येक चेहऱ्याला नाव असते. ही करवली आता नातवंडांत रमली आहे, तो साक्षीदार केव्हाच देवाघरी गेला, असे घरची वडीलधारी माणसे बोट ठेवून सांगतात. धर्मग्रामाच्या विवाहनोंदवहीतही वधू, वर, त्यांचे आईवडील, दोन साक्षीदार आणि विवाह लावणारा धर्मगुरू इतक्यांची नोंद चोख असते. मात्र त्या छायाचित्रात डोळा ज्या वस्तूकडे सर्वांत आधी जातो, तो वधूचा शुभ्र झगा कोणी बेतला, कोणी शिवला, त्याच्या काठाला मोती कोणी टाचले, याची नोंद वहीत नसते आणि बहुधा कुटुंबाच्या आठवणीतही उरत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जगातील ज्या विवाहांची छायाचित्रे लक्षावधी लोकांनी पाहिली, त्यांतील वधूवस्त्रे घडवणाऱ्यांच्या वाट्यालाही अनेकदा हेच विस्मरण आले. अशाच एका स्त्रीचा इतिहास प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा मानस आहे. अमेरिकेतील या स्त्रीने एका कॅथलिक विवाहासाठी झगा शिवला. त्या झग्याची छायाचित्रे जगभर गेली. तो शिवणारी मात्र कॅमेऱ्यासमोर आली ती अनेक वर्षांनी.

शुभ्र झगा आणि कॅमेरा

वधूने शुभ्र झगा घालण्याची चाल आपण समजतो तितकी प्राचीन नाही. युरोपात पूर्वी वधू आपला सर्वांत चांगला पोशाख घालून वेदीपुढे उभी राही, मग तो निळा असो, तांबडा असो की तपकिरी. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १० फेब्रुवारी १८४० रोजी आपल्या विवाहात शुभ्र रेशमी वस्त्र परिधान केले आणि त्यानंतर ही चाल वरच्या वर्गातून हळूहळू सर्वत्र पसरली. येथे हेही सांगितले पाहिजे की ख्रिस्तसभेच्या कायद्याने शुभ्र झगा कधीच बंधनकारक केलेला नाही. विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या मुक्त संमतीने. वस्त्राचा रंग हा लोकाचाराचा भाग आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की छायाचित्रणाची कला जगापुढे आली तीही याच सुमारास. पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर करण्यात आली आणि त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. त्या विवाहाचे छायाचित्र नाही. तिच्या झग्यावरील लेस डेव्हन परगण्यातील बिअर या समुद्रकाठच्या गावी व आसपास दोनशेहून अधिक स्त्रियांनी महिनोन्‌महिने खपून विणली होती. तशी लेस दुसऱ्या कोणाला विणता येऊ नये म्हणून काम संपल्यावर तिचे नमुने नष्ट करण्यात आले. त्या कामावर देखरेख करणाऱ्या जेन बिडनी या बाईंचे नाव इतिहासात टिकले. बाकीच्या बहुतेकजणी आकड्यात विरून गेल्या. वस्त्र राहिले, वस्त्र नेसणारी राहिली आणि विणणाऱ्या गेल्या. पुढे कॅमेरा घरोघर पोहोचला, तरी हा क्रम फारसा बदलला नाही.

पडद्याआडची शिवणशाळा

याला काही कारणे खुद्द कामाच्या स्वरूपातच आहेत. उंची वधूवस्त्र एका बैठकीत तयार होत नाही. आधी मापे घ्यायची. मग स्वस्त सुती कापडावर पूर्ण झगा बेतून तो वधूच्या अंगावर टाचण्यांनी बसवायचा. कोठे सैल, कोठे घट्ट, कोठे चुणी पडते, हे पाहून खुणा करायच्या आणि मगच महाग रेशमाला कात्री लावायची. त्यानंतर कच्चे टाके, पुन्हा अंगावर घालून पाहणे, पुन्हा उसवणे, पक्की शिलाई, अस्तर आणि अखेरीस हाताने करावयाचे नाजूक काम. यात आठवडे, कधी महिने जातात. छायाचित्रकाराला क्षण हवा असतो आणि शिवणकामात तर असा एक क्षण नसतोच. शिवणारीची मान खाली असते, नजर टाक्यावर असते, चेहरा दिसत नाही.

दुसरे कारण गुपिताचे. राजकन्या एलिझाबेथचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये झाला. तिचा झगा नॉर्मन हार्टनेल यांच्या ब्रूटन स्ट्रीटवरील कार्यशाळेत तयार होत होता. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, कापडावर नियंत्रण होते आणि राजकन्येलाही कपड्यांची कुपने लागत होती. झगा कसा आहे हे आधीच कळावे म्हणून वार्ताहरांची धडपड चालली होती. तेव्हा हार्टनेल यांनी कार्यशाळेच्या खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासला आणि आतून जाड मलमलीचे पडदे लावले. सुमारे साडेतीनशे स्त्रिया सात आठवडे त्या कामावर होत्या; दहा हजार बारीक मोती त्यांनी हाताने टाचले. गुपित राखले गेले. हार्टनेल यांचे नाव जगभर झाले. त्या साडेतीनशेंची नावे मात्र खिडक्यांचा रंग खरवडून काढल्यावरही बहुतांशी आतच राहिली.

हा पडदा निदान डोळ्यांना दिसणारा होता आणि त्याला कारणही होते. याहून वेगळा एक पडदा असतो. तो कोणी लावल्याचे दिसत नाही, तो काढण्याची तारीख ठरलेली नसते आणि ज्यांच्यासाठी काम केले जाते त्यांना तो जाणवतही नाही. अ‍ॅन लो यांना आयुष्यभर याच पडद्याआड काम करावे लागले.

अलाबामाची मुलगी

अ‍ॅन लो यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात क्लेटन या गावी १८९८ च्या सुमारास झाला. कुटुंब कृष्णवर्णीय. पणजी आणि आजी यांनी गुलामगिरीचे दिवस पाहिलेले. शिवणकाम हे या घराण्यातील स्त्रियांचे पिढीजात कसब होते. अ‍ॅनची आई आणि आजी राज्यातील धनिक गोऱ्या कुटुंबांसाठी उंची कपडे शिवत. आईच्या हातून खाली पडलेल्या रेशमाच्या कपट्यांपासून ही मुलगी फुले करी. बागेतील फूल समोर ठेवून त्याच्या पाकळ्या कापडात उतरवी. ही कापडी फुलेच पुढे तिच्या कामाची ओळख ठरली.

आई १९१४ साली वारली. त्या वेळी अलाबामाच्या राज्यपालांच्या पत्नीचे चार झगे तिच्याकडे अर्धवट शिवून पडले होते. मुलगी त्या वेळी सोळा वर्षांच्या आसपास. आईचे दुःख बाजूला ठेवून तिने ते चारही झगे पुरे केले. पुढे फ्लोरिडातील टॅम्पा येथील एका श्रीमंत कुटुंबाने तिला आपल्या मुलींच्या विवाहवस्त्रांसाठी बोलावून घेतले. १९१७ साली ती न्यूयॉर्कमधील एस. टी. टेलर या वस्त्रकलेच्या शाळेत दाखल झाली. तिच्या शेजारी बसण्यास गोऱ्या विद्यार्थिनींनी नकार दिल्यामुळे तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवण्यात आले. मात्र तिने केलेले काम नमुना म्हणून त्याच वर्गात नेऊन दाखवण्यात येई. माणूस भिंतीपलीकडे आणि हातचे काम भिंतीअलीकडे, ही तऱ्हा तिच्या वाट्याला इतक्या लवकर आली.

टॅम्पा येथे काही वर्षे स्वतःचे दुकान चालवून, वीस हजार डॉलर गाठीशी बांधून १९२८ साली त्या न्यूयॉर्कला आल्या. लवकरच मंदी आली आणि पैसा संपला. मग त्यांनी इतरांच्या दुकानांसाठी काम केले. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांना १९४७ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या अंगावर हाताने रंगवलेल्या फुलांचा झगा होता. तो अ‍ॅन लो यांचा. आतल्या चिठ्ठीवर नाव मात्र दुकानाच्या मालकिणीचे होते.

न्यूपोर्टचा विवाह

१९५० मध्ये अ‍ॅन लो यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या स्वतःच्या नावाने दुकान काढले. प्रतिष्ठित घराण्यांतील मुली त्यांच्याकडून झगे शिवून घेत. जॅकलीन बूव्हिए यांच्या आईचे हे ठरलेले दुकान होते. म्हणून १९५३ साली जॅकलीन यांचा विवाह तरुण सिनेटर जॉन केनेडी यांच्याशी ठरला, तेव्हा वधूचा आणि तिच्या करवल्यांचा पोशाख करण्याचे काम अ‍ॅन लो यांच्याकडे आले.

वधूच्या झग्यासाठी सुमारे पन्नास वार हस्तिदंती रंगाचे टॅफेटा रेशीम लागले. खांद्यांच्या खाली उतरणारा रुंद गळा, कमरेला घट्ट बसणारा वरचा भाग आणि खाली चुण्यांच्या पट्ट्यांनी व वर्तुळांनी भरलेला मोठा घोळ, असे त्याचे स्वरूप होते. दोन महिने काम चालले. आणि विवाहाला दहा दिवस राहिले असताना कार्यशाळेतील पाण्याचा नळ फुटला. तयार झालेल्या पंधरा झग्यांपैकी दहा भिजून वाया गेले आणि त्यांत वधूचा झगाही होता.

अ‍ॅन लो यांनी वधूच्या घरी निरोप पाठवला नाही. नवे रेशीम आणले, जादा माणसे लावली, रात्रीचे दिवस केले आणि दहाही झगे पुन्हा शिवून काढले. या कामात सुमारे सातशे डॉलर सुटतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बावीसशे डॉलरची खोट आली. ती त्यांनी मुकाट्याने सोसली. ठरलेल्या किमतीत एका डॉलरचीही वाढ मागितली नाही. झगे घेऊन त्या स्वतः न्यूपोर्टला गेल्या. तेथे दारावरच्या माणसाने त्यांना नोकरांच्या मागच्या दाराने जाण्यास सांगितले. मागच्या दारानेच जायचे असेल तर झगेही परत जातील, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. झगे पुढच्या दाराने आत गेले.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्टच्या सेंट मेरी चर्चमध्ये हा विवाह झाला. या धर्मग्रामाची स्थापना १८२८ साली झाली होती. जवळचा फोर्ट अ‍ॅडम्स हा किल्ला बांधण्यासाठी आलेल्या गरीब आयरिश मजुरांसाठी तो मुख्यतः स्थापन झाला होता. बॉस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग यांनी विवाह लावला आणि पोप बारावे पायस यांचा आशीर्वाद वाचून दाखवण्यात आला. शेकडो पाहुण्यांनी चर्च भरून गेले होते आणि बाहेर रस्त्यावर लोकांची दाटी होती.

त्या दिवशी कॅमेऱ्यांची वाण नव्हती. 'लाइफ' साप्ताहिकासाठी लिझा लार्सन आणि 'हार्पर्स बझार' मासिकासाठी टोनी फ्रिसेल, अशा दोन नामांकित स्त्री छायाचित्रकार तेथे होत्या. फ्रिसेल यांची त्या दिवसाची छायाचित्रे आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. हिरवळीवर पसरलेला झग्याचा घोळ, आजीकडून आलेल्या लेसच्या शिरोवस्त्राखाली वधूचा चेहरा, चुण्यांवर पडलेला उन्हाचा तिरीप, हे सारे त्यांनी अप्रतिम टिपले आहे. फ्रिसेल यांच्या नजरेत वर्णाचा दुजाभाव होता असेही म्हणता येत नाही. १९४५ साली इटलीतील विमानतळावर जाऊन कृष्णवर्णीय अमेरिकन वैमानिकांची आदराने छायाचित्रे घेणाऱ्या त्याच. परंतु त्यांना पाठवण्यात आले होते विवाहगृही. न्यूयॉर्कमधील त्या ओल्या झालेल्या कार्यशाळेत दहा दिवस आणि दहा रात्री जे घडले, तेथे कोणालाच पाठवण्यात आले नव्हते. वृत्तपत्रांनी झग्याच्या गळ्यापासून घोळापर्यंत वर्णन केले. तो कोणी घडवला हे एखाददुसरा तुरळक उल्लेख सोडल्यास कोणी छापले नाही.

एक पत्र

आठ वर्षांनी केनेडी अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष झाले. १९६१ साली स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात जॅकलीनबाईंवर लेख आला. त्यात त्यांचा विवाहाचा झगा एका काळ्या शिवणारणीने शिवला होता, तो काही उंची वस्त्रकलेचा नमुना नव्हे, अशा अर्थाचा उल्लेख होता. नाव नव्हते.

५ एप्रिल १९६१ रोजी अ‍ॅन लो यांनी जॅकलीन केनेडी यांना पत्र लिहिले. ते पत्र आज बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात आहे. त्यात आरडाओरडा नाही, पैशाची मागणी नाही. या उल्लेखाने आपण किती दुखावलो आहोत हे सांगून, आपला निर्देश करायचाच असेल तर तो एक नामवंत कृष्णवर्णीय डिझायनर असा व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वीस वर्षे खपून मिळवलेली जागा एका शब्दाने नाहीशी होते, हे त्यांचे दुःख होते. त्यावर व्हाइट हाउसमधून दूरध्वनी आला. मासिकातील मजकूर अध्यक्षांच्या पत्नीने दिलेला नाही, असे सांगण्यात आले.

आम्हांस या पत्रातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बावीसशे डॉलर बुडाले तेव्हा या बाईंनी शब्द काढला नाही. शब्द काढला तो नाव पुसले गेले तेव्हा. मजुरीची खोट त्यांनी सोसली. 'कोणी एक शिवणारीण' होणे त्यांना सोसले नाही. यात गर्व आहे असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही.

कॅमेरा कामाच्या खोलीत येतो

पुढची दोनचार वर्षे बाईंना फार कठीण गेली. त्यांचा हिशेब पाहणारा मुलगा १९५८ साली मोटार अपघातात गेला होता. स्वतः अ‍ॅन लो कापडावर आणि हातकामावर इतका खर्च करीत की अनेक झग्यांची आलेली किंमत खर्चालाही पुरत नसे. कर थकला, देणी वाढली आणि सरकारने दुकानाला टाळे ठोकले. काचबिंदूमुळे १९६२ मध्ये उजवा डोळा काढावा लागला. कोणा अनामिक हितचिंतकाने सरकारचे देणे भरून टाकले. ती व्यक्ती म्हणजे जॅकलीन केनेडीच, असे अ‍ॅन लो यांना वाटत असे.

आणि नेमक्या याच काळात कॅमेरा त्यांच्या कामाकडे वळला. १९६२ साली वृत्तसंस्थेसाठी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका तरुणीच्या अंगावर झगा आहे आणि अ‍ॅन लो त्याचा वरचा भाग बोटांनी नीट बसवीत आहेत. वाचकांपैकी कोणाला ते चित्र पाहावयास मिळाले, तर त्यांनी आधी झग्याकडे न पाहता त्या बोटांकडे पाहावे. विवाहाच्या छायाचित्रात सर्वजण कॅमेऱ्याकडे पाहतात. येथे काम करणारी व्यक्ती कॅमेऱ्याला जणू विसरली आहे. तिचे सारे लक्ष कापडाच्या एका कडेवर आहे. दृष्टी अधू होत चाललेली ही स्त्री बोटांनी बघते आहे, असे आम्हांला ते चित्र पाहताना वाटते.

१९६४ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या मोठ्या खपाच्या नियतकालिकाने त्यांच्यावर लेख छापला. उच्चभ्रू समाजाने सर्वांत चांगले राखलेले गुपित, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. डिसेंबर १९६६ मध्ये 'एबनी' मासिकाने सचित्र लेख दिला आणि त्यात त्यांना अमेरिकन डिझायनरांमधील ज्येष्ठ गुरूचा मान दिला. 'एबनी' हे जॉन जॉन्सन यांनी १९४५ साली शिकागोत सुरू केलेले, कृष्णवर्णीय कुटुंबांत घरोघर वाचले जाणारे मासिक. म्हणून त्या पानांचे मोल वेगळे. ज्यांच्या आया-आज्यांनी दुसऱ्यांचे कपडे शिवण्यात आयुष्य घालवले, त्या वाचकांना आपल्यातीलच एक बाई आपल्या कलेची मालकीण म्हणून छापील पानावर दिसली. न्यूपोर्टच्या विवाहानंतर तेरा वर्षांनी हे घडले.

नम्रता कोणाची?

येथे कोणी भाविक वाचक एक शंका काढील. उजव्या हाताने केलेले डाव्या हाताला कळू नये, अशी प्रभूची शिकवण असता, नाव आणि छायाचित्र यांची एवढी मातबरी कशाला? शंका योग्य आहे. तिचे उत्तर आम्ही याच क्षेत्रातील दुसऱ्या एका उदाहरणाने देऊ.

क्रिस्तोबाल बालेन्सियागा हे १८९५ साली स्पेनच्या बास्क प्रांतातील गेतारिया या मासेमारीच्या गावी जन्मले. वडील दर्यावर्दी, आई शिवणकाम करणारी. हा श्रद्धाळू कॅथलिक मनुष्य पॅरिसमधील सर्वश्रेष्ठ वस्त्रकार म्हणून गणला गेला. बेल्जियमचे राजे बोदवँ यांची वधू फाबिओला हिचा १५ डिसेंबर १९६० च्या विवाहातील झगा त्यांचाच. त्यांच्या कार्यशाळेत कमालीची शांतता असे. वस्त्रप्रदर्शनानंतर टाळ्या घेण्यासाठी ते पुढे येत नसत आणि मुलाखती देणे तर जवळजवळ वर्ज्यच होते. हेन्री कार्तिए-ब्रेसों यांच्यासारख्या थोर छायाचित्रकाराने १९६८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना काम करताना टिपले. अशी चित्रे थोडी आहेत, म्हणूनच ती मोलाची आहेत.

बालेन्सियागा आणि अ‍ॅन लो या दोघांचीही मुळे आईच्या सुईदोऱ्यात होती. दोघांनीही राजेशाही विवाहांच्या तोडीचे काम केले. दोघांचेही चेहरे जगाला फारसे परिचित नव्हते. पण एकाने दार स्वतः आतून लावून घेतले होते आणि दुसरीचे दार बाहेरून लावले गेले होते. बालेन्सियागा छायाचित्रात नसले तरी त्यांचे नाव झग्यावर असे, प्रत्येक ओठावर असे. नम्रता हा सद्‌गुण माणसाने स्वतः पत्करायचा असतो. तो दुसऱ्यावर लादला की सद्‌गुण राहत नाही. त्याला अन्याय म्हणतात. उजव्या हाताने काय केले ते डाव्या हाताला न सांगण्याचा अधिकार त्या उजव्या हाताचाच आहे. ज्याने फळ घेतले, त्याने मात्र त्या हाताला विसरू नये.

पवित्र शास्त्रात याचा एक हृद्य दाखला आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योप्पा येथील तबीथा या शिष्येची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा पेत्राला बोलावण्यात आले. माडीवरील खोलीत जमलेल्या विधवांनी तिने हयातीत शिवलेली वस्त्रे त्याच्यापुढे धरली आणि त्या रडू लागल्या. तबीथाने काय काय दानधर्म केला हे पुढील पिढ्यांना सविस्तर ठाऊक नाही. पण तिचे नाव आणि तिची शिवण दोन्ही शास्त्राने जपली आहेत. त्या विधवांनी वस्त्र आणि वस्त्र करणारी यांची फारकत होऊ दिली नाही.

अ‍ॅन लो यांचे निधन २५ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमविषयक परिपत्रक प्रसिद्ध केले. काम कोणते आहे यावरून त्याची प्रतिष्ठा ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ती ठरते, असा त्याचा गाभा आहे. त्या परिपत्रकात अ‍ॅन लो यांचा उल्लेख नाही, असण्याचे कारणही नाही. पण वीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पत्रात जे मागितले होते, त्याचेच तत्त्व तेथे ख्रिस्तसभेच्या अधिकारवाणीने मांडले गेले आहे.

उशिरा झालेली नोंद

आज हे चित्र पुष्कळ बदलले आहे. वॉशिंग्टन येथे २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अ‍ॅन लो यांचे झगे आहेत. डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. केनेडी विवाहाचा मूळ झगा इतका जीर्ण झाला आहे की तो मांडता येत नाही. म्हणून डेलावेअर विद्यापीठातील एका अध्यापिकेने मूळ झग्याचा अभ्यास करून त्याची हुबेहूब प्रतिकृती शिवली. सत्तर वर्षांपूर्वी पाणी शिरल्यानंतर जे काम दहा दिवसांत झाले होते, त्यात नेमके काय काय करावे लागले असेल, हे समजून घेण्यासाठी पुन्हा सुईदोराच हाती धरावा लागला.

आपल्या धर्मग्रामांत सुईदोऱ्यावर संसार चालवलेली माणसे थोडी नाहीत. सिस्टरांच्या शिवणवर्गात शिकलेल्या मुली, ओटीवर यंत्र ठेवून गावातील लग्नांचे झगे शिवणाऱ्या विधवा, लग्नसराईत रात्र रात्र जागणारे शिंपी, यांनीच आपल्या कित्येक वधूंना वेदीपर्यंत नेले आहे. आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. लग्नाच्या आधीच्या विधींची शेकडो छायाचित्रे घेणाऱ्या आपल्या तरुणांना आमची सूचना आहे, की एक फेरी झगा शिवला जात असलेल्या खोलीतही मारावी. आधी परवानगी विचारावी, कारण कोणी बालेन्सियागासारखा 'नको' म्हणणारा असेल तर त्याचा मान राखला पाहिजे. 'हो' म्हटले तर चेहराही घ्यावा आणि हातही घ्यावेत आणि त्याखाली नाव लिहावे. रौप्य व सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी वेदी सजवणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या नावांबरोबर ही नावेही छापावीत.

आणि ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे आहेत, त्यांनी आई, मावशी, आजी हयात असतानाच त्यांना विचारून घ्यावे की हा झगा कोणी शिवला होता. उत्तर मिळाले तर ते पेन्सिलीने चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावे. अ‍ॅन लो यांच्या बाबतीत ही एक ओळ छापली जाण्यास जगाला फार वर्षे लागली. आपल्या घरी त्याला पाच मिनिटे पुरतील.